बाबासाहेबांचे न्यूयॉर्क

गोरेगाव तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत १४ एप्रिलला भाषण करणाऱ्या मुलाला विचारा, बाबासाहेब कुठे शिकले? तो अडखळणार नाही. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन ही नावे त्याला तोंडपाठ असतात. पण कोलंबिया ज्या शहरात आहे ते शहर त्या काळी कसे होते, तिथले लोक कुठे राहत, कशावर जगत, कशासाठी भांडत, हे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. आपण पदव्या लक्षात ठेवल्या आणि शहर विसरलो. मला हे मोठे नुकसान वाटते. बावीस वर्षांचा एक तरुण तीन वर्षे ज्या रस्त्यांवरून चालला, ते रस्ते कळल्याशिवाय त्याच्या विचारांची जडणघडण पुरती कळत नाही.

आपल्या जिल्ह्याने तर हे जाणून घ्यायलाच हवे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण सगळे भंडारा जिल्ह्यातले. आणि बाबासाहेबांनी आयुष्यातली शेवटची लोकसभा निवडणूक लढवली ती याच भंडारा मतदारसंघातून, १९५४ च्या पोटनिवडणुकीत. तिथे ते हरले. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते आणि प्रकृती ढासळत चालली होती. झाडीपट्टीच्या उन्हाळ्यात मते मागायला आलेल्या या माणसाच्या मागे चार दशकांपूर्वीचे एक शहर उभे होते. त्या शहराची ही ओळख.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वारले होते. घरी पत्नी रमाबाई होत्या, मोठा भाऊ होता, ओढाताणीचा संसार होता. जुलैच्या उत्तरार्धात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात, मग ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांनी मुक्काम केला. तिथे त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी राहत होता. सातारा-मुंबईच्या शाळांत वेगळे बसावे लागलेल्या, पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नसलेल्या मुलाला इथे कोणी जात विचारत नव्हते. एकाच टेबलावर जेवण, एकाच खोलीत झोप, एकाच ग्रंथालयात शेजारी शेजारी अभ्यास. भथेनांशी जुळलेली मैत्री पुढे जन्मभर टिकली. बाबासाहेबांना लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करता यावे म्हणून भथेनांनी पैशाचीही मदत केली.

आता शहराकडे वळू.

मॅनहॅटन हे मुळात लेनापे या आदिवासींचे बेट. १६२० च्या दशकात डच व्यापाऱ्यांनी त्याच्या दक्षिण टोकाला वसाहत केली आणि तिला न्यू ॲमस्टरडॅम म्हटले. १६६४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली आणि नाव न्यूयॉर्क झाले. डचांनी वस्तीच्या उत्तरेला बांधलेली तटबंदी केव्हाच गेली. तिथल्या रस्त्याला आज वॉल स्ट्रीट म्हणतात. ती भिंत उभारणाऱ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८२७ मध्ये. १९९१ साली खालच्या मॅनहॅटनमध्ये एका सरकारी इमारतीसाठी पाया खणताना अठराव्या शतकातली काळ्या लोकांची दफनभूमी सापडली, तेव्हा अनेक न्यूयॉर्ककरांना आपल्या शहराच्या पायाखाली काय आहे ते पहिल्यांदा कळले.

शहराला आजचा चेहरा मिळाला तो १८११ च्या एका नकाशाने. बेटाचा बराचसा भाग अजून शेते, खडक आणि ओढे असतानाच तीन आयुक्तांनी कागदावर पट्टी ठेवली आणि उभे बारा अव्हेन्यू, आडवे एकशे पंचावन्न रस्ते आखून टाकले. आपल्याकडे धानाच्या बांध्या जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट बघून पडतात. म्हणून प्रत्येक बांधीचा आकार वेगळा. मॅनहॅटनच्या आखणीने उताराला विचारलेच नाही. टेकड्या फोडल्या, ओढे बुजवले आणि सगळ्या जमिनीचे एकसारखे, विकायला सोपे तुकडे पाडले. त्यात जमिनीच्या व्यापाऱ्यांचे भले झाले हे खरे. पण परक्या माणसाचीही मोठी सोय झाली. भाषा येत नसली तरी आकडे वाचता आले की पत्ता सापडतो. ११४ वा रस्ता ११३ आणि ११५ च्या मध्येच असणार.

वस्ती वाढली तसे पाणी नासले. १८३२ च्या पटकीत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. तेव्हा शहराने जवळपास पासष्ट किलोमीटरवरून, क्रोटन नदीवरून, दगडी कालव्याने पाणी आणले. १८४२ मध्ये ते शहरात पोचले. अमेरिकेच्या सार्वजनिक कामांचा इतिहास लिहिताना हा कालवा वगळता येत नाही. सेंट्रल पार्कही असेच मोठे काम. सुमारे ३४० हेक्टरची ही बाग १८५८ च्या आराखड्यावरून आकाराला आली. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांनी ती आखली. श्रीमंत आणि गरीब एकाच हिरवळीवर फिरावेत, ही त्यामागची कल्पना मला फार मोलाची वाटते. पण त्याच जागेवर सेनेका व्हिलेज नावाचे गाव होते. स्वतंत्र काळ्या लोकांनी १८२५ पासून जमिनी विकत घेऊन वसवलेले, सव्वादोनशेच्या आसपास वस्तीचे, चर्च आणि शाळा असलेले गाव. १८५७ पर्यंत ते रिकामे करण्यात आले. धरणासाठी किंवा अभयारण्यासाठी गाव उठलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

बाबासाहेबांच्या तीस वर्षे आधी, जून १८८३ मध्ये, याच बंदरात आनंदीबाई जोशी एकट्या उतरल्या होत्या. अठरा वर्षांच्या. काही दिवसांपूर्वीच, २४ मे १८८३ रोजी, ब्रुकलिनचा पूल खुला झाला होता. तेव्हा तो जगातला सर्वांत लांब झुलता पूल होता. आनंदीबाई न्यूजर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहून पुढे फिलाडेल्फियाला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि पुढे दोन वर्षे अमेरिकेत फिरल्या. १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती मराठीत लिहून काढली. अमेरिकेतल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, राज्यकारभार यांचे इतके बारीक निरीक्षण मराठीत त्याआधी झालेले नव्हते. म्हणजे मराठी माणसाच्या मनातल्या अमेरिकेची पहिली ठसठशीत चित्रे दोन स्त्रियांनी काढली. हे आपण फारच कमी वेळा बोलतो.

१८९८ च्या १ जानेवारीला मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड हे पाच भाग एकत्र येऊन आजचे महानगर झाले. १९१० च्या जनगणनेत त्याची वस्ती ४७ लाख ६६ हजार भरली आणि त्यात दर दहांतले चार जण परदेशात जन्मलेले होते. एकट्या मॅनहॅटनमध्ये २३ लाखांवर माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत तिथे १७ लाखही नाहीत. म्हणजे भीमराव आले तेव्हा ते बेट इतिहासातल्या सर्वांत दाट वस्तीच्या काळातून जात होते. १८९२ मध्ये सुरू झालेल्या एलिस आयलंडच्या तपासणी केंद्रातून रोज हजारोंनी माणसे येत. रशियातून पळालेले ज्यू, दक्षिण इटलीतले भूमिहीन, पोल, हंगेरियन. १७ एप्रिल १९०७ या एका दिवसात तिथून ११,७४७ जण आत आले.

यातले बहुतेक लोअर ईस्ट साइडच्या टेनेमेंटमध्ये राहत. मुंबईची चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पाच-सहा मजली घरे ओळखीची वाटतील, फक्त तिथल्या आतल्या खोल्यांना कित्येकदा खिडकीच नसे. त्याच अंधाऱ्या खोल्यांत दिवसा कपडे शिवायचे आणि रात्री तिथेच निजायचे. जेकब रीस या डॅनिश बातमीदाराने १८९० मध्ये या घरांचे फोटो पुस्तकात छापले आणि वरच्या शहराला खालचे शहर दाखवले. १९०१ च्या कायद्याने नव्या घरांत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला संडास बंधनकारक झाला. हा कायदा वरून कुणाच्या दयेने आला नाही; पत्रकार, डॉक्टर, भाडेकरू आणि वस्तीत राहून काम करणाऱ्या बायका यांनी तो वर्षानुवर्षे रेटला.

२५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्याला आग लागली. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याचे. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोचत नव्हत्या. १४६ कामगार गेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, कित्येक विशीच्या आतल्या. त्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहून खिडक्यांतून उड्या पडताना पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. त्यांनी आदल्याच वर्षी कोलंबियातून एम. ए. केले होते. आगीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामात त्या उतरल्या, कारखान्यांचे कायदे बदलून घेतले आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची काही वर्षे दोन खंडांतल्या दोन देशांचे कामगार खाते एकाच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती होते. या दोघांची भेट झाली की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. कामगाराचे हाल हा नशिबाचा भाग नसून कायद्याचा विषय आहे, ही समज दोघांनाही होती. आणि त्या काळचे न्यूयॉर्क ही समज रस्त्यावर शिकवत होते.

भीमराव आले त्या १९१३ साली शहर उंचीचे आणि वेगाचे विक्रम मोडत होते. फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल हे अवाढव्य रेल्वे स्थानक सुरू झाले. एप्रिलमध्ये सत्तावन्न मजली वूलवर्थ इमारत खुली झाली आणि पुढे १९३० पर्यंत जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती. पण मला या गगनचुंबी इमारतींपेक्षा जमिनीखालची रेल्वे जास्त महत्त्वाची वाटते. सबवे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी धावू लागली. तिकीट पाच सेंट, कितीही लांब जा. हा दर १९४८ पर्यंत, दोन महायुद्धे आणि एक महामंदी ओलांडून, तसाच राहिला. पाच सेंटांत शिंपी आणि सावकार एकाच डब्यातून जात होते. पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या स्थानकांत ब्रॉडवेवरचे ११६ वा रस्ता हे स्थानक होते. ते कोलंबियाच्या फाटकासमोर उघडते.

कोलंबिया १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज म्हणून निघाले आणि १८९७ मध्ये मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर आले. मधोमध घुमटाचे लो ग्रंथालय. भीमरावांचा दिवस तिथे जाई. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की ते खाण्यापिण्यात काटकसर करत, घरी पैसे पाठवत आणि उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पुस्तके घेत; अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली. तीन वर्षांत त्यांनी घेतलेले विषय विद्यापीठाच्या नोंदींत आहेत. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. एकूण साठ.

यातले अर्थशास्त्र एवढे का, याचे उत्तर शहराच्या वर्तमानपत्रांत सापडते. अमेरिकेच्या संसदेला आयकर बसवण्याचा अधिकार देणारी सोळावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली आणि ऑक्टोबरात आयकराचा कायदा आला. डिसेंबरात देशाची मध्यवर्ती बँक व्यवस्था, फेडरल रिझर्व्ह, स्थापन करणारा कायदा झाला. आयकराची बाजू वर्षानुवर्षे अभ्यासाने मांडणारे सर्वांत मोठे नाव म्हणजे एडविन सेलिग्मन. तेच भीमरावांचे प्राध्यापक. श्रीमंताने जास्त भरावे, राज्याने ते कुठे खर्च करावे, केंद्र आणि प्रांत यांनी ते कसे वाटून घ्यावे, हे प्रश्न त्या वर्षी वर्गात शिकवले जात होते आणि बाहेर त्यांवर कायदे होत होते. भीमरावांचा डॉक्टरेटचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची वाढ. तो प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावरचा. घटनाकार म्हणून आपण त्यांना जितके ओळखतो, तितके अर्थतज्ज्ञ म्हणून ओळखत नाही, आणि ही उणीव आपल्या अभ्यासक्रमांची आहे.

जॉन ड्यूई यांचा प्रभाव त्याहून खोल. ड्यूई लोकशाहीला केवळ मतदानाची पद्धत मानत नसत. माणसे एकत्र राहतात, एकमेकांचा अनुभव वाटून घेतात, ती जगण्याची रीत म्हणजे लोकशाही, असे ते मांडत. त्यांचे लोकशाही आणि शिक्षणावरचे प्रसिद्ध पुस्तक १९१६ मध्ये, भीमराव तिथे असतानाच, प्रकाशित झाले. वीस वर्षांनी बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण छापले, तेव्हा त्यात ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले. समाजातल्या गटांत मोकळी देवाणघेवाण हवी, बंद कप्पे नकोत, हा विचार त्या भाषणाचा कणा आहे.

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भीमरावांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. नुकतीच पंचविशी पूर्ण झाली होती. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस त्या काळी अमेरिकेत सांगत होते की वंशावरून माणसाची बुद्धी किंवा योग्यता ठरत नाही. भीमरावांनी जात वंशातून आली हे मत बाजूला सारले. त्यांचे म्हणणे असे : जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या बंदीने. ही बंदी पाळायची तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई जास्त होते, बायको मेली की पुरुष. मग बाईला सती जायला लावायचे किंवा सक्तीचे वैधव्य द्यायचे, आणि विधुराला न्हातीधुती न झालेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली म्हणजे जातीचे कुंपण राखायची साधने. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकाच गाठीत आहेत, हे इतक्या काटेकोरपणे त्याआधी कुणी मांडले नव्हते. न्यूयॉर्कहूनच वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी फिफ्थ अव्हेन्यूवरून हजारो स्त्रिया मताधिकारासाठी मोर्चाने गेल्या, ते हेच शहर.

आता या शहराची दुसरी बाजू. मॉर्निंगसाइड हाइट्सच्या पूर्वेला जमीन एकदम तुटते. खडकाचा सरळ कडा, त्याला धरून उतरती बाग, आणि कड्याखाली हार्लेम. १९०० च्या सुमारास हार्लेममध्ये सबवे येणार म्हणून बिल्डरांनी भाराभर इमारती उभ्या केल्या. भाडेकरू मिळेनात. तेव्हा फिलिप पेटन या काळ्या दलालाने १९०४ मध्ये कंपनी काढून त्या इमारतींत काळ्या कुटुंबांना घरे मिळवून द्यायला सुरुवात केली. गोऱ्या मालकांनी काळ्यांना घर देणार नाही असे करार आपसात केले, पण रिकामे घर परवडेना म्हणून ते मोडलेही. भीमराव राहत होते त्या वर्षांत कड्याखाली काळ्या अमेरिकेची राजधानी घडत होती. दक्षिणेतून कुटुंबेच्या कुटुंबे येत होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना १९०९ मध्ये याच शहरात निघाली आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १९१० पासून तिचे मासिक काढत होते. मार्च १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात लागला. एनएएसीपीने विरोध केला आणि तरी तो गर्दीत चालला. मार्च १९१६ मध्ये जमैकाहून मार्कस गार्वी हार्लेमला आले.

लिव्हिंगस्टन हॉलच्या खोलीत भीमरावांना जी बरोबरी मिळाली, ती कड्याखालच्या माणसाला त्याच शहरात मिळत नव्हती. हे लक्षात ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण आपण अमेरिकेचे वर्णन करताना एक तर स्वर्ग रंगवतो किंवा नुसता तिरस्कार करतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले होते. बाबासाहेबांनी तेच नाते पुढे नेले, पण डोळे उघडे ठेवून. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्या अमेरिकनांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि अस्पृश्यांची व काळ्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे ते कळवले. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन.

शहरात तेव्हा हिंदी राजकारणही पोचले होते. लाला लजपतराय महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला राहत आणि तरुणांना चळवळीत ओढत. भीमरावांनाही त्यांनी विचारले. ज्या संस्थानाच्या पैशावर आलो त्याच्याशी केलेला करार आणि अभ्यास आधी, असे सांगून भीमराव बाजूला राहिले. काहींनी त्याचा दोष काढला आहे. मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्याच्या समाजात आधी कोणी असे शिकले नव्हते, त्याने पहिल्या संधीत अभ्यास सोडणे म्हणजे मागून येणाऱ्यांचे दार लावणे झाले असते.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आशियातल्या बहुतेक लोकांना येण्यास बंदी केली आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. १९४६ मध्ये ही बंदी थोडी सैल झाली. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. आज न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यूजर्सीत जी मराठी कुटुंबे आहेत, जे गणेशोत्सव आणि मराठी शाळा आहेत, ते सगळे त्यानंतरचे. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तो १९६५ चा कायदा काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या हवेत झाला, हे तिथल्या प्रत्येक मराठी घरात सांगितले जायला हवे.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने डॉ. आंबेडकरांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. ती घ्यायला ते न्यूयॉर्कला गेले. ड्यूई १ जूनला वारले होते. गुरुशिष्यांची भेट चार दिवसांनी हुकली. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात आज बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. लिव्हिंगस्टन हॉलचे नाव बदलून वॉलक हॉल झाले आहे, आणि तिथे अजूनही विद्यार्थी राहतात.

गोरेगाव, सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा इथल्या मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना एक सांगायचे आहे. सयाजीरावांनी एका विद्यार्थ्याला दिले ते आज मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे, आणि आदिवासी व इतर मागास प्रवर्गांसाठीही राज्याच्या परदेश शिक्षणाच्या योजना आहेत. नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळवायचा तर तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून लागते. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले हे सगळे वेळेत जमवावे लागते. गोंदियाच्या समाज कल्याण कार्यालयात जा, या वर्षीचे नियम लेखी मागा आणि अर्ज करा.